दशमीचा वेध

हा प्रोग्रॅम उघडून पाहण्याचा अधिकार आपणांस नाही, असे पुरोहित गुरुमूर्ति आचार्यांच्या ओसरीवरच्या संगणकाने हयग्रीवाला कळवले. वाक्य इंग्रजीत होते, निळ्या चौकटीत होते, व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. खाली एकच बटण होते आणि त्यावर 'मान्य' एवढेच लिहिलेले होते. अमान्य करण्याची सोय नव्हती. हयग्रीव त्या बटणाकडे बराच वेळ पाहत राहिला. राग आला असता तर त्याला बरे वाटले असते, पण राग आला नाही. वर्षभर असेच चालले होते. दाढ काढण्यापूर्वी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो आणि मग ओठ आपला असून आपला राहत नाही, बोट लावले तर बोटाला ओठ कळतो पण ओठाला बोट कळत नाही, तसे काहीसे त्याचे सगळ्याच बाबतींत झाले होते. त्याने 'मान्य' दाबले. चौकट गेली आणि तिच्या जागी तिथीच्या प्रोग्रॅमचे पहिले पान परत आले: गोपुराचे चित्र, कंपनीचे नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'प्रा. हयग्रीव यांच्या गणितावर आधारित'.

"काय म्हणतं ते?" आचार्यांनी झोपाळ्यावरून विचारले.

"उघडता येत नाही म्हणून."

"तुमचंच की हो, सार. वर नाव अहे बघा. आपल्या घराला आपणच कुलूप लावायचं आणि मग किल्ली शेजाऱ्याला मागायची, असलं अहे हे." आचार्य आपल्याच विनोदावर हसले. हयग्रीवाशी ते घरातली मराठी बोलत, आणि तिच्यात 'सार' तेवढा तमिळ; कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला साऱ्या कुंभकोणात दुसरे संबोधन नव्हते, आणि निवृत्तीनंतरही ते सुटले नव्हते.

काम साधे होते. त्याची बायको पंकजा जाऊन वर्ष होत आले होते. ती पौष वद्य एकादशीला गेली; इथल्या घरांत वद्य पक्षाला बहुळ म्हणतात, पण तिथी तीच. वैष्णव घरांत एकादशीला चूल पेटत नाही, म्हणून श्राद्धही त्या दिवशी होत नाही. एकादशीला गेलेल्या माणसाचे पान दुसऱ्या दिवशी, उपास सुटल्यावर मांडतात. एवढे इथल्या लहान मुलालाही ठाऊक होते. प्रश्न होता तो यंदाची एकादशी कोणत्या दिवशी, हा. आचार्यांच्या संगणकाने छापून दिले होते: एकादशी शनिवारी, श्राद्ध रविवारी. हयग्रीवाने आदल्या दिवशी, विशेष हेतू नसताना, केवळ दुपार जात नाही म्हणून, हाताने गणित केले होते. दशमी शनिवारी पहाटे सूर्योदयापूर्वी संपत होती. परंतु सूर्योदयाच्या आधीच्या चार घटका, ज्यांना अरुणोदय म्हणतात, त्यांत ती थोडीशी शिरत होती. स्मार्त माणूस सूर्योदय पाहतो आणि शनिवारी उपास करतो. वैष्णव अरुणोदय पाहतो. दशमीचा एवढासा वेध लागला तरी ती एकादशी तो टाकून देतो आणि उपास दुसऱ्या दिवशी धरतो. पुण्यामुंबईच्या दिनदर्शिकांत स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी अशा लागोपाठ दोन चौकोनांत छापतात, त्याचे कारण एवढेच. म्हणजे पंकजाची एकादशी रविवारी होती. तिचे श्राद्ध सोमवारी हवे होते. रविवारी ते केले, तर तिच्या स्वयंपाकघरात एकादशीच्या दिवशी भात शिजणार होता.

हे सगळे त्याने आचार्यांना सांगितले, एका दमात, वर्गात सांगावे तसे. आचार्यांनी ते ऐकून घेतले, आणि मग अतिशय सौम्यपणे म्हणाले, "सार, तुम्ही गणित सांगटलं ते बरोबरच असेल. पण हेही तुमचंच गणित ना? एक तुमचं हातचं, एक तुमचं यंत्रातलं. मी कोणतं धरू? हातानं माणूस चुकतो म्हणून तुम्हीच यंत्र आणलं. आणि खरं सांगू का, वैनी गेल्यापासून तुमचं लक्ष ठिकाणावर नाही. चूक असली तर ती कुणीकडे असेल?"

"मठाचं पंचांग बघू."

"ते मागवायचं सोडून किती दिवस झाले. तुमचं असताना दुसऱ्याचं कशाला?"

याचे उत्तर हयग्रीवाच्या तोंडून यावे याला आधार नव्हता, कारण त्याचा तिथीवर विश्वास नव्हता. चंद्र सूर्यापासून बारा अंश सरकला की एक तिथी होते, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्या बारा अंशांशी मेलेल्या माणसाचा काही संबंध असतो याबद्दल मात्र त्याने विद्यार्थिदशेपासून कधीही हो म्हटले नव्हते. मग तो इथे काय करत होता? रस्त्याने परतताना त्याने स्वतःला हा प्रश्न नीट, पुरावा मागितल्यासारखा विचारला. पितळेच्या भांड्यांच्या दुकानांतून ठोक्यांचा आवाज येत होता आणि तो आवाज कानांपर्यंत पोचून तिथेच थांबत होता. त्याला एवढेच सांगता आले, की एक उत्तर चूक आहे आणि त्यावर आपले नाव आहे.

कॉलेजात पहिला संगणक आला तेव्हा राज्यभर त्याविषयी मते होती. संगणक पाहिलेला नसला तरी मत असे. बँकेतला त्याचा मित्र कृष्णस्वामी संघटनेचा पुढारी होता. यंत्राविरुद्धच्या मोर्चात घोषणा देऊन बसलेला घसा घेऊन तो हयग्रीवाकडे येई आणि पंकजाच्या हातची कॉफी पिऊन म्हणे, हे तुमचं खोकं आमच्या नोकऱ्या खाणार. हयग्रीव म्हणे, खोकं काही खात नाही. त्यात काय लिहिलंय ते कुणालाही वाचता आलं पाहिजे, एवढंच बघा. लॉगॅरिथमच्या कोष्टकांना मालक असतो का? कोष्टक चुकलं तर वाचणारा ते दुरुस्त करतो आणि पुढच्याला सांगतो. त्या वेळी ही त्याला राजकीय भूमिका वाटत नव्हती. ती त्याला स्वच्छता वाटत होती, उपकरण वापरून झाल्यावर पुसून ठेवावे तशी. तिथीचा प्रोग्रॅम त्याने लिहिला तोही अशाच स्वच्छ हौसेपोटी: चंद्राची गती किती पायऱ्यांत बसते ते पाहण्यासाठी. मूळ लेखनाच्या डोक्यावर त्याने लिहिले, 'हे कोणीही उतरून घ्यावे, तपासावे, बदलावे.' पापनाशम्‌पासून पट्टीश्वरम्‌पर्यंत लोकांनी ते उतरून घेतले. तपासले कोणी नाही. त्याची त्याला मौज वाटली होती.

तपासले फक्त पंकजाने, आणि तिला प्रोग्रॅम म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. ती तिरुविसनल्लूरची, तिच्या माहेरी दोन्ही बाजूंना स्मार्त शेजारी, त्यामुळे शेजारच्या चुलीवर भात शिजत असताना आपल्या घरी उपास, आणि आपण जेवताना शेजारी उपास, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. हयग्रीवाने यंत्राचा कडेला भोके असलेला लांब कागद कौतुकाने घरी आणला तेव्हा ती ताक घुसळत होती. हात न थांबवता तिने विचारले होते, "विचारलं का ह्यानं?"

"काय विचारायचं?"

"कोण म्हणून. स्मार्त का वैष्णव म्हणून. दारी कोणी आला तर पान वाढायच्या अधी विचारत नाही? हे तर न विचारताच वाढालं."

तो हसला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन त्याने प्रोग्रॅमच्या आरंभी एक प्रश्न घातला. बाकी सगळे लेखन त्याचे होते, तेवढा प्रश्न तिचा. ती स्वतः जन्मभर एकादशी पाळत आली आणि तो जन्मभर एकादशीला महामहम तळ्याजवळच्या हॉटेलात इडली खात आला. तिने कधी तक्रार केली नाही, त्याने कधी लपवले नाही. चूल थंड, तो बाहेर, परत आला की ती विचारी, "चटणी बरी होती का?" आणि त्यात टोमणा किती, चौकशी किती, हे त्याने कधी मोजले नाही. ती गेली त्या सकाळीही तो हॉटेलातच होता. गल्लीच्या तोंडाशी शेजारची सरोजा पळत आली, आणि मग रिक्षा, मग इस्पितळ, मग डॉक्टरने विचारले की यांनी सकाळपासून काय खाल्लं, आणि हयग्रीवाला सांगता येईना. त्या दिवशी एकादशी आहे हे, स्वतः इडली खाऊन आलेला असूनही, त्याला आठवेना. दुपारी डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्या जिभेवर सकाळच्या कॉफीची चव तशीच होती. पुढे कित्येक दिवस ती गेली नाही. ती चव गेल्यावर दुसरी कोणतीही तिच्या जागी आली नाही.

मुख्य टपाल कचेरीसमोरच्या काचेच्या कोठडीतून त्याने मद्रासला फोन लावला. सुंदरेश त्याचा विद्यार्थी, पापनाशम्‌चा, हुशार आणि नम्र. कॉलेजातून प्रोग्रॅम उतरून नेणाऱ्यांपैकी पहिला. पुढे त्याने मद्रासेत कंपनी काढली, प्रोग्रॅमला गोपुराचे चित्र लावले, नक्कल चालू नये म्हणून प्रिंटरच्या खाचेत खोचायचे लहानसे कुलूप सोबत दिले, आणि पहिली पेटी घेऊन तो सरांच्या पाया पडायला आला. हयग्रीवाने पाया पडू दिले. तुमची परवानगी असेल तर, असे सुंदरेश काहीतरी म्हणत होता आणि हयग्रीवाने त्याला मध्येच थांबवून सांगितले होते की परवानगी द्यायला ते माझं नाहीच. ते वाक्य त्याला त्या दिवशी फार आवडले होते.

"सार? तुम्ही? नुसता निरोप पाठवला असता तर मी फोन केला असता." सुंदरेश तमिळमध्ये बोलत होता, पाठीमागे बरेच फोन वाजत होते.

"मराठी भाषा निवडली की तो प्रश्न विचारत नाही. का?"

"कोणता प्रश्न, सार?"

"स्मार्त की वैष्णव."

"तो काढला. लोक गोंधळतात. प्रश्न वाढले की खप कमी होतो, हे आम्ही पाहिलं. आता नुसती भाषा विचारतो. प्रत्येक भाषेला एक नियम बांधून टाकलाय."

"मराठीला कोणता?"

"पुण्याच्या एका शास्त्र्यांनी दिला तो. तिथे जास्त लोक स्मार्त एकादशी धरतात म्हणाले." मग त्याचा आवाज मऊ झाला. "सार, खरं म्हणजे मराठी आम्ही तुमच्यासाठी घातली. भागीदार नको म्हणत होते, तिकडे आमचा एक नगही विकला जात नाही. मी म्हटलं, माझ्या सरांची भाषा आहे, ती असलीच पाहिजे."

"मी पुणं पाहिलेलं नाही, सुंदरेश. माझ्या आजोबांनीही पाहिलेलं नव्हतं. आम्ही इथे तीनशे वर्षं आहोत."

"ते खरंच, सार." नियमात तीनशे वर्षे कुठे बसवायची याचा तो विचार करत असावा.

"मूळ लेखन पाठव. एक ओळ घालायची आहे. मी घालून देतो."

"ते आता कंपनीचं आहे, सार. मलाही एकट्याला देता येत नाही. पुढच्या आवृत्तीत नक्की घालतो, मी लिहून ठेवतोय." आणि मग, विषय संपल्यासारखे, "मामी कशा आहेत? त्यांच्या कॉफीची इथे सगळ्यांना गोष्ट सांगतो मी."

"वर्ष झालं," हयग्रीव म्हणाला.

"हो ना, वर्षाहून जास्तच झालं मी येऊन. येतो, सार, नक्की येतो."

हयग्रीवाने फोन ठेवला. काचेत त्याचा चेहरा दिसत होता आणि त्यामागे रस्ता. चोरी झाली, असे म्हणावे तर चोर कोणी नव्हता. त्याने दिले होते, सुंदरेशने मान ठेवून घेतले होते, पुण्याच्या शास्त्र्याने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते. प्रत्येकाचे बरोबर होते. या सगळ्या बरोबर गोष्टींमधून एक दार तयार झाले होते आणि ते आतून बंद होते. कोणीही उतरून घ्यावे, असे लिहिताना उतरून घेणाऱ्याने पुढच्याला तसेच उतरवू द्यावे, ही अट त्याने घातली नव्हती. ती घालायची असते, हे त्याला त्या वेळी सुचले नव्हते. लॉगॅरिथमच्या कोष्टकावर कोणी अशी अट लिहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी त्याची धाकटी बहीण जयलक्ष्मी तिरुविडैमरुदूरहून आली. संगणकाच्या हिशेबाने तिचा त्या दिवशी उपास होता आणि प्रवासाने तिचा चेहरा उतरला होता. तिने आल्याआल्या तांदूळ निवडायला घेतले. हयग्रीवाने तिला तेच सांगितले, यावेळी थोडक्यात.

"अण्णा," ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "जलमभर एकादशीला हॉटेलात इडली खाल्लीस. वैनीनं कधी तोंड उघडलं नाही. अता तू आम्हास एकादशी शिकवालास होय?"

"गणित शिकवतो आहे."

"गणित यंत्रात अहे. ब्राह्मण सांगून ठेवलेत, केळीची पानं आलीत. एका तुझ्या हट्टासाठी सगळं सोमवारवर ढकलू? सोमवारी गुरुमूर्ति आचार्य पट्टीश्वरम्‌ला जाणार." सुपातला एक खडा तिने चिमटीत धरून दूर टाकला. "तुझा विश्वास नाही. मग तुला रविवार काय नि सोमवार काय."

हे मात्र तर्कशुद्ध होते. तो दाराला टेकून उभा राहिला. विश्वास नसलेल्या माणसाला चूक दाखवण्याचा हक्क नसतो, आणि विश्वास असलेल्यांना ती पाहायची गरज नसते. मग ती चूक कोणाची? त्याला दिसले की हा प्रश्न त्याने आजवर केवळ विज्ञानाच्या बाबतीत, म्हणजे सोप्या बाबतीत, सोडवला होता. सुपात तांदूळ खळखळत होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पंकजाने डबा ठेवायला मारून घेतलेली फळी होती, तिच्यावरची डब्याची गोल खूण अजून फिकट दिसत होती.

रविवारी सकाळी चूल पेटली. हयग्रीव ओला पंचा नेसून बसला आणि सांगितले तसे करत गेला: पवित्रक बोटात, तीळ, पाणी, उजवीकडून, डावीकडून. क्रिया त्याला उत्तम जमत होत्या. प्रयोगशाळेत हाताची सवय लागते. आतून भाताचा वास आला. साधा, चांगल्या तांदळाचा वास. या घरात या तिथीला तो वास त्याने कधी घेतला नव्हता, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून कधीही नाही. तो वास नाकात आला आणि आत कुठेतरी, सुई टोचलेल्या हिरडीच्या पलीकडे, काहीतरी हलले असे त्याला वाटले. त्याने लक्षपूर्वक वाट पाहिली, पण पुढे काही झाले नाही. पिंड हातात घेतला तेव्हा तो गरम होता, एवढे तळहाताला कळले. ब्राह्मण जेवले, तृप्तोस्मि म्हणाले, ढेकर देऊन विडे घेऊन गेले. मग जयलक्ष्मीने त्याच्यासाठी पान मांडले.

"सार, बसा," आचार्य म्हणाले. "शेष कर्त्यानं घ्यायचं. त्याशिवाय श्राद्ध पुरं होत नाही."

"ठाऊक अहे."

"मग?"

हयग्रीव पानाकडे पाहत उभा होता. भातावर तूप घातलेले होते, त्याचा डाग हळूहळू रुंदावत होता. "आज एकादशी," तो म्हणाला.

आचार्यांनी जयलक्ष्मीकडे पाहिले, जयलक्ष्मीने भिंतीकडे. मग आचार्य अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "अपुरं राहील, सार. वैनीचं अपुरं राहील."

"उद्यापर्यंत राहू दे."

त्याने पान उचलले, आत नेले, त्यावरचा भात एका पितळी गुंडीत काढला, बुडेल एवढे पाणी घातले आणि वर ताटली झाकली. असला भात इथल्या घरांत रोजचा. त्याला पळयदु म्हणतात, सकाळी शेतावर जाणारा माणूस मीठ घालून खातो. श्राद्धाचे अन्न असे ठेवायचे नसते, हे आचार्य सांगू शकले असते. ते मात्र पंचपात्र पिशवीत भरू लागले. दुपारी हयग्रीव सवयीने बाहेर पडला आणि तळ्याजवळच्या हॉटेलापर्यंत गेला. वाढप्याने त्याला पाहून नेहमीची जागा पुसली. हयग्रीव तिथे बसला, पाणी प्यायला, पैसे देण्यासारखे काही नाही हे वाढप्याला कसे सांगावे ते न सुचून थोडा वेळ बसून राहिला, आणि उठला. भूक त्याला संध्याकाळी लागली. ती स्पष्ट होती, पोटात उजवीकडे नाही डावीकडे नाही, मधोमध. वर्षभरात शरीराने त्याला सांगितलेली ती पहिली नेमकी गोष्ट होती. आपण उपास करत नाही आहोत, केवळ एक चुकीचे उत्तर गिळायचे नाकारतो आहोत, असे त्याने स्वतःपाशी नोंदवले. पंकजाने ते ऐकून ताक घुसळायचे थांबवले नसते.

सोमवारी उजाडताच तो स्वयंपाकघरात गेला. दिवा लावला, पाटावर बसला, गुंडीवरची ताटली काढली. भात फुगला होता, थोडा आंबला होता. त्याने पाण्यासकट तो पानावर घेतला. पाणी पानाच्या कडेकडे धावले, ते त्याने तळहाताने अडवले. मागे पाऊल वाजले. जयलक्ष्मी दारात उभी होती, केस सुटलेले, डोळे सुजल्यासारखे. तिने त्याच्याकडे पाहिले, पानाकडे पाहिले. मग ती कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली, अगस्तीच्या, म्हणजे हादग्याच्या पाल्याची जुडी काढली, खुडली, चुलीवर चढवली. शनिवारचा तिचा उपास तिने रविवारीच सोडला होता. हा पाला तिच्यासाठी नव्हता. एकादशीचा उपास सोडताना पंकजा हाच पाला करी, आवळा घालून. जयलक्ष्मीनेही आवळा घातला. शिजल्यावर तिने तो पानाच्या डाव्या बाजूला वाढला, आणि तिथेच, पळी हातात धरून, अतिशय हळू विचारले, "मीठ पुरे का?"

हयग्रीवाने घास घेतला. भात गार होता, आंबट होता, पाला कडू होता, आवळा तुरट होता. एक एक करून त्याने त्या चवी ओळखल्या, नावे घेतल्यासारख्या. कॉफी त्यांत नव्हती.

"थोडं घाल," तो म्हणाला, आणि शीत न ठेवता पान संपवले.